रीत बदलताना हेतू कसा राखावा
पंच, उपदेशक व पुढारी ह्यांच्या अभ्यासाकरिता एक धडा

मंडळीत, शाळेत किंवा पंचायतीत पुढारीपण करणाऱ्या मनुष्यास केव्हा ना केव्हा असा दिवस गाठतो की, जी रीत त्याने स्वतः घालून दिली तीच मोडल्याखेरीज काम पुढे जात नाही. चांगले आणि वाईट ह्यांतून एक निवडणे त्यामानाने सोपे आहे. परंतु जेव्हा दोन्ही बाजूंस काही तरी चांगले असते, दोन्ही बाजूंस आपलीच माणसे उभी असतात, आणि कोणतीही वाट धरली तरी कोणाचे तरी मन दुखावणार हे आधीच दिसत असते, तेव्हा पुढाऱ्याची खरी परीक्षा होते. आमच्या खेड्यापाड्यांतील उपदेशकांस व पंचांस असे प्रसंग नवे नाहीत. म्हणून ह्या धड्यात आम्ही एका थोर बाईच्या आयुष्यातील असा एक प्रसंग अभ्यासाकरिता घेत आहो. वाचकांनी तो केवळ चरित्र म्हणून वाचू नये. आपल्या गावच्या कामाशी ताडून पाहावा.

१. एका रात्रीतून निघालेले काम

डॉ. आयडा स्कडर ह्यांचा जन्म ९ डिसेंबर १८७० रोजी राणीपेट येथे झाला. हे गाव तेव्हाच्या मद्रास इलाख्यात, आताच्या तामिळनाडूत आहे. त्यांचे आजोबा डॉ. जॉन स्कडर १८१९ साली अमेरिकेहून पूर्वेकडे वैद्यकीय सेवेस निघाले होते, व वडीलही डॉक्टर होते. तथापि आयडाबाईंच्या मनात ह्या देशात राहावयाचे नव्हते. लहानपणी पाहिलेला दुष्काळ व दारिद्र्य त्यांस नकोसे झाले होते. १८९० साली आईच्या आजारपणामुळे त्या परत आल्या, त्या थोड्या दिवसांकरिताच.

त्यानंतर तिंडीवनम येथे एक रात्र अशी आली की, तिने त्यांचे सगळे बेत फिरविले. त्या रात्री एकामागून एक तीन माणसे बंगल्याच्या दारी आली. एक ब्राह्मण, एक मुसलमान, आणि एक दुसऱ्या वरिष्ठ जातीचा हिंदू. तिघांच्याही बायका बाळंतपणात अडल्या होत्या. आयडाबाईंनी प्रत्येकास आपल्या वडिलांस घेऊन जाण्यास सांगितले. परंतु परपुरुषाने आपल्या घरच्या स्त्रीस हात लावावा हे तिघांसही मान्य झाले नाही. आयडाबाई तर तेव्हा डॉक्टर नव्हत्या. सकाळी चौकशी केली तो तिन्ही बाया वारल्याचे कळले. ही हकीकत त्या पुढे आयुष्यभर सांगत असत.

त्या अमेरिकेस परत गेल्या व १८९५ साली फिलाडेल्फिया येथील स्त्रियांच्या वैद्यकीय विद्यालयात दाखल झाल्या. आमच्या वाचकांस ठाऊक असेल की, ह्याच विद्यालयातून आपल्या आनंदीबाई जोशी १८८६ साली डॉक्टर झाल्या होत्या. शेवटचे वर्ष न्यूयॉर्क येथील कॉर्नेल विद्यालयात करून आयडाबाई १८९९ साली पदवीधर झाल्या, आणि १९०० सालच्या आरंभी वेल्लोरास आल्या. बंगल्यातील एका खोलीत त्यांनी दवाखाना मांडला. १९०२ साली ४० खाटांचे स्त्रियांचे रुग्णालय उभे राहिले. पुढे त्या आसपासच्या खेड्यांस जाऊ लागल्या, व रस्त्याच्या कडेला झाडाच्या सावलीत बसून रोग्यांस औषध देऊ लागल्या. १९०९ साली परिचारिकांची शाळा निघाली.

परंतु एका बाईच्या दोन हातांनी किती रोगी तपासून होणार? ह्या देशातील मुलींसच डॉक्टर केल्यावाचून उपाय नाही, हे त्यांनी ओळखले, आणि १९१८ साली वेल्लोर येथे स्त्रियांची वैद्यकीय शाळा उघडली. ह्या मुली सरकारी परीक्षेत टिकतील असा भरवसा वरिष्ठ अधिकाऱ्यांस नव्हता. पहिल्या वर्षाच्या परीक्षेस १४ मुली बसल्या आणि चौदाही उत्तीर्ण झाल्या.

ह्या सर्व कामास पैसा दिला तो मुख्यत्वे अमेरिकेतील व इंग्लंडातील स्त्रियांच्या मंडळांनी. त्यांत श्रीमती ल्यूसी पीबडी ह्या पुढे होत्या. त्या स्वतः तरुणपणी मद्रास इलाख्यात राहिल्या होत्या व आयडाबाईंच्या जिवाभावाच्या मैत्रीण होत्या. १९२० नंतरच्या वर्षांत आशियातील स्त्रियांच्या सात महाविद्यालयांकरिता ३० लक्ष डॉलरांचा निधी जमविण्यात आला. त्या खटपटीचा भार पीबडीबाईंनी उचलला होता, आणि त्या सातांत वेल्लोर होते. स्त्रियांनी स्त्रियांकरिता दिलेला तो पैसा होता, हे पुढील गोष्ट समजण्यास ध्यानात ठेवावे.

२. संकट बाहेरून आले

वीस वर्षे शाळा नीट चालली. तेथे विश्वविद्यालयाची पदवी मिळत नसे. सरकारी परवान्याची, म्हणजे एल. एम. पी. ही खालच्या दर्जाची परीक्षा होत असे. १९३७-३८ च्या सुमारास मद्रास सरकारने ठरविले की, ही परीक्षा बंद करावी आणि ह्यापुढे डॉक्टर होणाऱ्याने एम. बी. बी. एस. ही पदवीच घ्यावी. वेल्लोरास नव्या विद्यार्थिनी घेणे बंद पडले.

येथे एक गोष्ट आम्ही मुद्दाम सांगतो. सरकारचा हेतू वाईट नव्हता. गरिबांस अर्धे शिक्षण घेतलेला डॉक्टर व श्रीमंतांस पुरे शिक्षण घेतलेला, असा भेद राहू नये, हे म्हणणे रास्त होते. पुष्कळदा आपल्या कामावर येणारी अडचण ही कोणा शत्रूने आणिलेली नसते. काळ पुढे सरकतो, माप मोठे होते, आणि कालपर्यंत पुरे पडणारे आपले काम त्या मापास कमी पडू लागते. अशा वेळी मापास दोष देत बसणारा पुढारी आपला वेळ घालवितो.

पदवीच्या दर्जास चढावयाचे तर अधिक खाटांचे रुग्णालय, नव्या प्रयोगशाळा, आणि उच्च पदव्या घेतलेले कितीतरी अध्यापक पाहिजे होते. इतका पैसा व इतकी माणसे एकट्या स्त्री-मंडळांजवळ नव्हती. शिवाय उच्च पदवीच्या स्त्री अध्यापिका मिळणेही कठीण होते.

३. तीन वाटा

आयडाबाईंपुढे तीन वाटा होत्या. पहिली, शाळा बंद करून रुग्णालय तेवढे चालवावे. ह्यात कोणाशी भांडण नव्हते. परंतु डॉक्टर होऊ इच्छिणाऱ्या मुलींचे दार मिटत होते. दुसरी, केवळ स्त्रियांचेच महाविद्यालय करण्याचा प्रयत्न सुरू ठेवावा. ह्यात जुने वचन राहत होते. परंतु पैसा कोठून यावा ह्याचे उत्तर कोणापाशी नव्हते.

तिसरी वाट अशी की, साऱ्या हिंदुस्थानातील निरनिराळ्या मिशनांनी मिळून एकच मोठे वैद्यकीय महाविद्यालय करावे, त्यात पुरुष व स्त्रिया दोघांस घ्यावे, आणि ते वेल्लोर येथे असावे. मिशनांच्या डॉक्टरांच्या मनात अशा संयुक्त महाविद्यालयाची कल्पना होतीच. तसे झाल्यास पुरुषांच्या कामाकरिता पैसा देणारी मंडळेही मदतीस येणार होती. परंतु त्यासाठी आयडाबाईंस दोन गोष्टी सोडाव्या लागणार होत्या. एक, शाळेवरचा आपला घरच्यासारखा अधिकार. कारण पुष्कळ मिशनांची मिळून सभा झाली म्हणजे एकाच बाईचा शब्द शेवटचा राहत नाही. दुसरी, ‘स्त्रियांकरिता स्त्रियांनी’ हे ब्रीद.

ह्यातील विलक्षणपणा वाचकांनी पाहावा. ज्या घरात पुरुष डॉक्टरास प्रवेश नव्हता त्या घरातील स्त्रीकरिता हे काम निघाले. आणि आता त्याच कामात पुरुष विद्यार्थ्यांस प्रवेश द्या, असे सांगणे आले! आयडाबाईंस हे सहज पटले असे कोणी समजू नये. त्यांचे मन पुष्कळ दिवस दोन्हीकडे ओढले जात होते.

४. विरोध करणारी मैत्रीण

पीबडीबाईंनी ह्या बदलास तीव्र विरोध केला. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे की, हजारो स्त्रियांनी हा पैसा स्त्रियांच्या शिक्षणाकरिता दिला आहे. तो दुसऱ्या कामास लावणे म्हणजे विश्वासघात होय. शिवाय पुरुष आले म्हणजे हळूहळू जागा, अधिकार व मान त्यांच्याकडे जाईल, आणि ज्यांच्याकरिता दार उघडले त्या मुली दाराबाहेर राहतील. अमेरिकेतील मंडळातही ह्यावरून दोन तट पडले.

ह्या म्हणण्यास हसून चालणार नाही. दिलेले वचन ही क्षुल्लक गोष्ट नव्हे, आणि पुरुषांच्या गर्दीत स्त्रिया मागे पडतात ही भीती आपल्या गावची बैठक पाहणाऱ्यास खोटी वाटणार नाही. ज्या बाईने वेल्लोराकरिता दारोदार हिंडून पैसा मिळविला, तीच आता उलट बाजूस उभी होती. पुढाऱ्याच्या वाट्याला येणारे हे सर्वांत कडू औषध होय. शत्रूच्या विरोधाने मनुष्य ताठ होतो. मित्राच्या विरोधाने मात्र त्याची झोप जाते.

आयडाबाईंनी अखेर तिसरी वाट धरली. ती धरताना त्यांनी स्वतःस जो प्रश्न विचारला असावा, तो आम्हांस असा दिसतो: त्या रात्री मेलेल्या तीन बायांचे माझ्यावर जे ऋण आहे ते कशाने फिटेल? शाळेत पुरुष नाहीत ह्याने, की शाळा जिवंत आहे ह्याने? शाळा मेली तर वचन पाळले असे म्हणता येईल. परंतु ज्या मुलींकरिता वचन दिले होते त्यांच्या हाती काय पडेल?

मैत्रीला तडा गेला. आयडाबाईंचे करणे बरोबर ठरले म्हणून ही हानी झाली नाही असे होत नाही. योग्य निवडीचीही किंमत द्यावी लागते, आणि ती किंमत पुढाऱ्याने नाकारू नये.

५. ठरविल्यानंतरचे काम

पुष्कळ पुढारी ठराव झाला म्हणजे काम झाले असे मानतात. वास्तविक काम तेथून सुरू होते. दुसरे महायुद्ध पेटले होते. अशा वेळी सत्तरी ओलांडलेल्या आयडाबाई अमेरिकेत गावोगाव फिरून नव्या महाविद्यालयाकरिता पैसा मागत होत्या. आपण घेतलेल्या निर्णयाचे ओझे त्यांनी दुसऱ्याच्या खांद्यावर टाकले नाही.

काम पायरीपायरीने झाले. १९४२ साली एम. बी. बी. एस. चा पहिला वर्ग सुरू झाला, आणि तो स्त्रियांचाच होता. १९४७ साली पुरुष विद्यार्थ्यांस प्रथम प्रवेश मिळाला. मधल्या काळात महारोगावरील प्रसिद्ध तज्ज्ञ डॉ. रॉबर्ट कॉक्रेन ह्यांच्या हाती महाविद्यालयाची सूत्रे आली. १९४६ साली आयडाबाई निवृत्त झाल्या, आणि लवकरच संस्थेचा कारभार विशाखापट्टणमच्या डॉ. हिल्डा लाझरस ह्यांच्याकडे आला. जी शाळा एका परदेशी बाईने काढली, तिच्या प्रमुख जागी अशा रीतीने ह्या देशाची कन्या बसली. पुरुष आले म्हणजे स्त्रीचा अधिकार जाईल ही जी भीती होती, तिला ह्याहून चांगले उत्तर कोणते असू शकेल?

पुढील फळ सर्वांस माहीत आहे. डॉ. पॉल ब्रँड ह्यांनी महारोग्यांच्या वाकड्या झालेल्या बोटांवर शस्त्रक्रिया करून त्यांच्या हातांस पुन्हा काम करण्याजोगे केले, ते वेल्लोर येथेच. डॉ. जेकब चांडी ह्यांनी १९४९ साली मेंदूच्या शस्त्रक्रियेचा ह्या देशातील पहिला विभाग तेथेच उघडला. स्त्रियांचे शिक्षण बंद पडले नाही. उलट त्यांस पूर्वी जी पदवी मिळत नसे ती मिळू लागली. आयडाबाई निवृत्तीनंतर सुमारे चौदा वर्षे जगल्या व २४ मे १९६० रोजी वारल्या. हे फळ त्यांस थोडेबहुत पाहावयास मिळाले. परंतु निवड केली त्या दिवशी ते दिसत नव्हते, हे विसरू नये. आम्ही आज शेवट जाणून बोलतो. त्यांस अंधारात पाऊल टाकावे लागले.

६. आपल्या गावी

आता हा धडा वेल्लोराहून आपल्या वेशीत आणू या. समजा, एका गावच्या मंडळीची पेटी वीस वर्षे एका वृद्ध गृहस्थाकडे आहे. मनुष्य सचोटीचा; पैचा घोटाळा नाही. परंतु हिशेब सगळा त्याच्या डोक्यात. आता खाते बँकेत ठेवावयाचे, दोन सह्या पाहिजेत, वही लिहिली पाहिजे, असे ठरते. म्हातारबाबांस वाटते की, आपल्यावर अविश्वास दाखविला. अर्धी मंडळी त्यांची बाजू घेते. तरुण पंच म्हणतात, जुने ते सर्व टाकून द्या. उपदेशक मध्ये सापडतो. त्याने काय करावे?

पहिले असे की, हेतू आणि रीत ह्यांस वेगळे करावे. पेटी म्हाताऱ्याच्या घरी असणे ही रीत; गरिबाचा पैसा सुरक्षित राहणे हा हेतू. रीत हेतूची चाकर आहे. परंतु सावध! प्रत्येक जुनी गोष्ट रीतच असते असे नाही. ‘हिशेब मंडळीपुढे वाचावा’ हीही जुनी गोष्ट आहे, पण ती टाकली तर हेतूच जातो. म्हणून बदल सुचविणाऱ्यास विचारावे: हे काढले तर कोणाचे नुकसान होईल? ज्याच्याकरिता काम निघाले त्याचेच होत असेल, तर तो बदल करू नये.

दुसरे, विरोध करणाऱ्याच्या म्हणण्यात खरे किती आहे ते आधी वेचून घ्यावे. पहिल्या मंडळीत ग्रीक बोलणाऱ्या विधवांस रोजच्या वाटणीत कमी मिळते अशी कुरकुर झाली, तेव्हा प्रेषितांनी कुरकुर करणाऱ्यांस दटाविले नाही. लोकांकडून सात माणसे निवडविली. आणि त्या सातांची नावे पाहिली तर ती सर्व ग्रीक आहेत. ज्यांची तक्रार होती त्यांच्याच हाती वाटणी गेली! त्याचप्रमाणे ह्या वृद्ध गृहस्थाचे म्हणणे ऐकावे. कदाचित ते म्हणतील, ‘रात्री-अपरात्री कोणाचे मूल आजारी पडले तर बँक उघडी असेल काय?’ हा प्रश्न खरा आहे. तातडीच्या मदतीकरिता थोडी रक्कम त्यांच्याकडे ठेवण्याची तजवीज करावी. दोन सह्यांपैकी एक त्यांची असावी.

तिसरे, सांगावयाचे ते तोंडावर व वेळेवर सांगावे. ठराव आधी करून मग म्हाताऱ्यास दुसऱ्याकडून कळू देणे, ह्यासारखा अपमान नाही. उपदेशकाने स्वतः त्यांच्या ओसरीवर जाऊन बसावे, बदल का करणे आहे ते सांगावे, आणि वीस वर्षांच्या चाकरीबद्दल सर्वांसमक्ष आभार मानावे. इतके करूनही ते रुसले तर ते दुःख सोसावे. परंतु त्यांच्यामागे त्यांची निंदा करू नये, व दुसऱ्यासही करू देऊ नये.

चौथे, ज्याने बदल मागितला त्याने पहिले ओझे उचलावे. वही लिहिली पाहिजे असे म्हणणाऱ्या तरुणाने दर आठवड्यास ती लिहावी, आणि बँकेची वाट तुडवावी.

पाचवे व सर्वांत कठीण असे की, पुढाऱ्याने आपली जागा सोडण्याचीही तयारी ठेवावी. रीत बदलताना इतरांची खुर्ची हलविणारे पुष्कळ असतात. आपली हलविणारे थोडे. लोकांचा भरवसा मात्र अशा थोड्यांवरच बसतो.

विचारासाठी प्रश्न

१. आपल्या मंडळीत किंवा शाळेत अशी कोणती रीत आहे की, जिचा मूळ हेतू आज कोणास सांगता येत नाही?

२. पीबडीबाईंच्या जागी आपण असतो तर काय म्हटले असते? त्यांच्या म्हणण्यातील कोणता भाग आपणांस अजूनही खरा वाटतो?

३. आपल्या गावी मागे झालेला एखादा बदल आठवा. त्यात कोणाचे मन विनाकारण दुखावले गेले? आज त्याच्याकडे जाऊन बोलता येईल काय?

४. आपण स्वतः कोणती जागा फार दिवस धरून बसलो आहो?

उपदेशक बंधूंनी हे प्रश्न पंचांच्या बैठकीत एकेक करून घ्यावे. एकाच दिवशी सर्व उरकू नयेत. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर बैठकीत न देता कोणी उठून शेजारच्या ओसरीवर गेला, तर हा धडा त्यास समजला असे आम्ही मानू.